खोटा पंचनामा

आधी फाटकाशी आग दिसली. मग माणसांचा गलका ऐकू आला. कुणाच्या घराला आग लागल्यावर शेजारीपाजारी हळहळतात, धावाधाव करतात, तसा. वाड्यातल्या गड्यांनी फाटक उघडलं आणि ते आग बघायला बाहेर आले. हळहळणारी माणसंच आग लावणारी होती.

ही २३ ऑक्टोबर १४५५ची रात्र, वार गुरुवार. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडच्या डेव्हन परगण्यात चेरिटन फिट्झपेन नावाचं खेडं आहे. त्याच्या शिवारात अपकॉट इथं निकोलस रॅडफर्ड या म्हाताऱ्या वकिलाचा वाडा होता. रॅडफर्ड साधासुधा वकील नव्हता. तो एक्सेटर शहराचा रेकॉर्डर, म्हणजे शहराचा मुख्य कायदेशीर अधिकारी होता आणि पार्लमेंटमध्येही बसून आलेला होता. पश्चिमेकडच्या जमीनदारांचे वाद त्याच्या सल्ल्याशिवाय क्वचितच मिटायचे. त्याच्या दारात त्या रात्री उभा होता सर थॉमस कोर्टनी, डेव्हनच्या अर्लचा थोरला मुलगा.

या रात्रीची हकिकत दोन ठिकाणी लिहिलेली सापडते. एक आहे खाजगी पत्र. घटनेनंतर पाच दिवसांनी, २८ ऑक्टोबरला, जेम्स ग्रेशम नावाच्या माणसाने नॉरफोकच्या जॉन पॅस्टनला ते लिहिलं. पॅस्टन घराण्याचा पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे, त्यातलंच हे एक. दुसरा आहे तक्रारअर्ज, रॅडफर्डचा नातेवाईक जॉन रॅडफर्ड याने पार्लमेंटकडे केलेला. पत्र म्हणतं हल्लेखोर साठ होते. अर्ज म्हणतो चौऱ्याण्णव. पत्रातला आकडा कानावर आलेला आहे, अर्जातला मोजून मांडलेला. वकिलाच्या घरच्यांनी केलेला अर्ज आहे, त्यामुळे कुणी काय केलं, कुठल्या हत्याराने केलं, याची त्यात नावानिशी नोंद आहे.

अर्जानुसार रॅडफर्डने खिडकी उघडून विचारलं, कोण आहात, आणि तुमच्यात कुणी खानदानी माणूस आहे का? खाली सर थॉमस असल्याचं उत्तर आलं. सर थॉमसने आपल्या सरदारकीची शपथ घेऊन सांगितलं, की तुमच्या जिवाला किंवा मालाला धक्का लागणार नाही, खाली या. रॅडफर्ड हातात मशाल घेऊन खाली आला. पाहुण्यांनी त्याचं मद्य प्यायलं, आणि सर थॉमस त्याला बोलण्यात गुंतवत असताना बाकीच्यांनी वर जाऊन पेट्या फोडल्या. सामान रॅडफर्डच्याच घोड्यांवर लादलं. त्याची बायको आजारी होती; तिला अंथरुणावरून खाली लोटून चादरीसुद्धा नेल्या. चादरीचा हा तपशील मी पहिल्यांदा वाचला तेव्हा जरा थांबलो. लूट समजते, वैर समजतं, पण आजारी बाईच्या अंगाखालची चादर ओढणाऱ्या माणसाला त्या क्षणी नेमकं काय मिळवायचं होतं?

मग सर थॉमस म्हणाला, तुम्हाला माझ्या वडिलांना भेटायला यावं लागेल. रॅडफर्डने घोडा मागवला तर घोडे उरलेच नव्हते. मी म्हातारा आहे, मला चालवत नाही, एक घोडा द्या, अशी त्याने विनवणी केली. त्याला पायीच निघावं लागलं. वाड्यापासून बाणाच्या टप्प्याइतक्या अंतरावर सर थॉमसने तिघाजणांशी काही कुजबुज केली, रॅडफर्डचा निरोप घेतला आणि घोड्याला टाच मारली. मागे राहिलेले तिघे म्हणजे निकोलस फिलिप, थॉमस फिलिप आणि जॉन अमोर. पहिल्याने भाल्यासारख्या पात्याने तोंडावर वार करून त्याला खाली पाडलं आणि मग डोकं फोडलं. दुसऱ्याने गळा चिरला. तिसऱ्याने मागून सुरा खुपसला.

इथवरची हकिकत त्या शतकातल्या इंग्लंडमध्ये अगदीच अपूर्व म्हणता येणार नाही. अपूर्व आहे ते चार दिवसांनी घडलेलं.

सोमवारी रॅडफर्डचं प्रेत अपकॉटच्या घरातल्या प्रार्थनागृहात ठेवलेलं असताना अर्लचा दुसरा मुलगा हेन्री कोर्टनी माणसं घेऊन तिथे आला. या हेन्रीच्या बाप्तिस्म्याला रॅडफर्ड त्याचा धर्मपिता म्हणून उभा राहिला होता. हेन्रीच्या लोकांनी प्रेतासमोर चक्क कोर्ट भरवलं. एकजण कॉरोनर बनून बसला. कॉरोनर म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा राजाचा अधिकारी. इंग्लंडमध्ये हे पद ११९४पासून चालत आलेलं आहे. (इंग्रजांबरोबर ते मुंबईलाही आलं आणि मुंबईचं कॉरोनर कोर्ट अगदी १९९९पर्यंत चालू होतं, हे जुन्या मुंबईकरांना आठवत असेल.) कॉरोनर गावातले पंच बोलावतो, पंच प्रेत पाहतात आणि मृत्यू कशाने झाला ते सांगतात. आपल्याकडच्या पंचनाम्याचाच हा चुलता. तर हेन्रीच्या कॉरोनरने पंचांची नावं पुकारली. कधी कुणी ऐकली नसतील अशी, त्या मुलखात कुणाचीच नसलेली नावं. त्या नावांना ओ देत माणसं पुढे आली, शपथा झाल्या, आणि निकाल लागला, की निकोलस रॅडफर्डने आत्महत्या केली.

गळा चिरलेला, डोकं फुटलेलं, पाठीत सुऱ्याची जखम. आत्महत्या.

पुढचा भाग ऐकायला जड आहे, पण अर्जात आहे. रॅडफर्डच्याच नोकरांना त्याची शवपेटी चर्चपर्यंत वाहायला लावली, वाटेत टोळीने अचकट गाणी म्हटली. कबरीपाशी प्रेत पेटीतून काढून उघडंच खड्ड्यात टाकलं आणि रॅडफर्डने स्वतःच्या थडग्यासाठी आणून ठेवलेले दगड त्यावर लोटून ते ओळखू न येण्याइतकं चेचलं. हा विकृतपणा होताच, पण त्यात हिशेबही होता. खऱ्या कॉरोनरला प्रेत डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चौकशी करता येत नसे. पाहण्याजोगं प्रेतच ठेवायचं नाही, म्हणजे खोट्या पंचनाम्यानंतर खरा होण्याची वाट बंद.

इतका खटाटोप कशासाठी? ज्यांच्या मागे शेकडो हत्यारबंद माणसं होती, ज्यांना अडवायची परगण्यात कुणाची छाती नव्हती, त्यांना कोर्टाची नक्कल करायची गरज का पडावी? या प्रश्नाने मला या प्रकरणात ओढलं. नुसती थट्टा म्हणून सोडून देता येईल. पण या सगळ्या भांडणाचे धागे उकलत मागे गेलं, की दर वळणावर कुठला तरी कागद आडवा येतो. आणि ज्या भांडणाचा शेवट खोट्या पंचनाम्यात झाला, त्याची ठिणगी पडली होती ती एका चुकीच्या सनदेने.

थॉमस कोर्टनी, डेव्हनचा अर्ल, १४१४ साली जन्मला आणि आठव्या वर्षी बापामागे जहागिरीचा धनी झाला. कोर्टनी म्हणजे डेव्हनमधलं पहिलं घराणं. टिव्हर्टनचा गढीवजा किल्ला हे त्यांचं मुख्य ठाणं. पण या मुलाच्या वाट्याला नाव आलं, उत्पन्न नाही. त्याची आई अ‍ॅन टॅल्बट १४४१पर्यंत हयात होती, आणि विधवा म्हणून जहागिरीचा मोठा हिस्सा तिच्या हयातीपुरता तिच्याकडे होता. म्हणजे सत्तावीस वर्षांचा होईपर्यंत हा अर्ल आपल्या घराण्याच्या मानाने तंगीतच होता. त्यात घराण्याची दुसरी पाती, पावडरहॅमचे कोर्टनी, दिवसेंदिवस थोरल्या पातीला जुमानेनाशी झाली होती. जहागीरदाराचं वजन अशा वेळी कमी होतं. माणसं दुसऱ्या दारी जायला लागतात.

ते दुसरं दार होतं सर विल्यम बॉनव्हिलचं. हा शूट गावचा, अर्लपेक्षा वीसेक वर्षांनी मोठा, फ्रान्सच्या लढायांत मुरलेला. त्याला दरबाराचा पाठिंबा होता, आणि १४४९मध्ये त्याला बॅरन केलं गेलं. बॉनव्हिलची दुसरी बायको एलिझाबेथ कोर्टनी ही अर्लची सख्खी आत्या. म्हणजे ज्या माणसाच्या जिवावर अर्ल उठला तो त्याचा आतोबा. शिवाय पावडरहॅमच्या फिलिप कोर्टनीच्या मुलाला बॉनव्हिलची मुलगी दिलेली. इंग्रज इतिहासकार याला मॅग्नेट्सचा संघर्ष वगैरे म्हणतात. आपल्याकडे यासाठी भाऊबंदकी हा शब्द आहे आणि तो पुरेसा आहे.

१४३७ साली राजाने कॉर्नवॉलमधल्या आपल्या जमिनींचा कारभारी म्हणून बॉनव्हिलची तहहयात नेमणूक केली. १४४१मध्ये त्याच राजाने डेव्हनच्या अर्लला कॉर्नवॉलच्या डचीचा कारभारी नेमलं. डची म्हणजे युवराजाच्या नावची खास जहागीर. कागदावर पदं दोन, पण जमीन आणि अधिकार जवळजवळ एकच. कारभाऱ्याच्या हाती स्थानिक नेमणुका, पट्टे, जमीनदारी कोर्टं. म्हणजे कॉर्नवॉलमधल्या लहान जमीनदारांनी कुणाच्या उंबऱ्यावर जायचं हे त्या पदावरून ठरणार. दरबारात कुणाला ही गफलत लक्षात आली नाही, की आली आणि दोघांनाही खूश ठेवायचं होतं? सहावा हेन्री हा मागणाऱ्याला नाही म्हणू न शकणारा राजा होता. एकच खुर्ची दोघांना देणं त्याच्या स्वभावात बसतं. चूक कळल्यावर मंत्रिमंडळाने अर्लला जरा थांबायला सांगितलं. ज्याला आयुष्यात पहिल्यांदा काही मनाजोगतं मिळालं त्याला थांब म्हणणं म्हणजे काय, हे वतनाच्या वादांशी ओळख असलेल्या मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. त्याच वर्षात दोन्हीकडच्या माणसांत रस्त्यावर मारामाऱ्या सुरू झाल्या. दोघांना लंडनला बोलावून समेट घडवण्यात आला. बॉनव्हिलला गॅस्कनीचा अधिकारी म्हणून फ्रान्सकडे धाडण्यात आलं, आणि काही वर्षं प्रकरण निवलं.

त्या काळी प्रत्येक बड्या सरदाराच्या पदरी पगारी माणसं असत. अर्लचा बिल्ला छातीवर लावायचा, वर्षाला ठरलेले पैसे घ्यायचे, आणि बोलावणं आलं की हजर व्हायचं, मग ते लढाईला असो, जत्रेला असो की कोर्टात पंच म्हणून बसायला असो. या शेवटच्या कामाकडे नीट पाहायला हवं. शेरीफ आपला असला की पंच आपले, पंच आपले की निकाल आपला. म्हणून परगण्यातली नेमणूक कुणाची होते यावर जमिनींचे दावे ठरत आणि म्हणून कारभारीपदाची सनद तलवारीपेक्षा महाग होती. अपकॉटच्या त्या खोट्या कोर्टात बसलेली माणसं खऱ्या कोर्टात कितीदा बसून आली असतील? सवयीचा हात होता तो.

बॉनव्हिल फ्रान्सहून परतला, बॅरन झाला, आणि अर्लच्या पोटातली जुनी आग पेटली. सप्टेंबर १४५१मध्ये अर्ल लॉर्ड कोबमला बरोबर घेऊन निघाला. फौज पाच-सहा हजारांची असल्याचं जुनी नोंद सांगते. सॉमरसेटमधल्या टॉन्टनच्या किल्ल्यात त्याने बॉनव्हिलला कोंडलं. वेढा सुरू असतानाच यॉर्कचा ड्यूक रिचर्ड न बोलावता तिथे येऊन पोचला. राजघराण्यातला हा सर्वांत बलाढ्य माणूस, आणि दरबारावर नाराज. बॉनव्हिलने किल्ला अर्लच्या हाती न देता ड्यूकच्या हाती दिला, अर्ल हात चोळत परतला. तरी पुढच्या वर्षी यॉर्कने डार्टफर्डला राजासमोर सैन्य उभं केलं तेव्हा त्याच्या बाजूला उभ्या राहिलेल्या मोजक्या सरदारांत हाच अर्ल होता. डाव फसला, यॉर्कला शपथ घ्यावी लागली, अर्ल बदनाम झाला आणि पश्चिमेत बॉनव्हिलचं फावलं. पुढे अर्लवर राजद्रोहाचा खटलाही चालला. १४५४मध्ये सरदारांनी त्याला निर्दोष सोडलं.

शाळेच्या पुस्तकातून आपल्याला गुलाबांची युद्धं शिकवलेली असतात. लँकेस्टरचा लाल गुलाब, यॉर्कचा पांढरा, आणि दोन्हीकडे निष्ठेने लढणारे सरदार. या डेव्हनच्या दोघांना त्या चित्रात बसवून पाहा. १४५२मध्ये अर्ल यॉर्कचा, बॉनव्हिल राजाचा. मे १४५५मध्ये सेंट अल्बन्सला, गुलाबांच्या युद्धातली पहिली म्हणून मोजतात त्या लढाईत, अर्ल राजाच्या बाजूला होता. पुढे बॉनव्हिलनेही आपल्या नातवाचं लग्न यॉर्कच्या मित्रघराण्यात, नेव्हिलांकडे, जमवून बाजू बदलली. शत्रू ज्या छावणीत जाईल तिच्या समोरच्या छावणीत आपण, इतकंच दोघांचं राजकारण. आर. एल. स्टोरी या इतिहासकाराने १९६६मध्ये ‘द एंड ऑफ द हाउस ऑफ लँकेस्टर’ या ग्रंथात मांडलं, की अशी खाजगी वैरं वाढत गेली आणि त्यांतून राष्ट्रीय युद्ध उभं राहिलं. नंतरच्या अभ्यासकांनी त्यावर बरेच आक्षेप घेतले, राजाच्या दुबळेपणाला अधिक जबाबदार धरलं. ते खरंच असेल. पण डेव्हनपुरतं मला स्टोरीचं म्हणणं पटतं.

आता रॅडफर्ड का, हे स्पष्ट होईल. तो बॉनव्हिलचा कायदेशीर सल्लागार होता. बॉनव्हिलच्या माणसांना मारून अर्लला फार तर एखादी चकमक जिंकता आली असती. बॉनव्हिलचे दस्तऐवज जाणणारा, कुठला दावा कुठे लावायचा हे सांगणारा माणूस संपवला की कैक वर्षांचे दावे लंगडे पडतात. शिवाय अर्लच्या घराशी त्याचे जुने संबंध होते, मुलाच्या बाप्तिस्म्याइतके जवळचे. असा माणूस विरोधकाकडे गेला की वैरात फितुरीचा राग मिसळतो. हेन्रीनेच त्या प्रेतासमोर कोर्ट भरवावं, यात मला तो राग दिसतो.

खुनानंतर अर्लने घाई केली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो हजारभर माणसांनिशी एक्सेटरमध्ये शिरला, वेशींच्या किल्ल्या ताब्यात घेतल्या आणि ख्रिसमस जवळ येईपर्यंत शहर आपल्या मुठीत ठेवलं. रॅडफर्डची रोकड आणि चांदीची भांडी एक्सेटरच्या कॅथीड्रलमध्ये ठेव म्हणून होती. पाद्र्यांना धमकावून ती काढवली. मग चुलत पातीच्या पावडरहॅम किल्ल्याला वेढा पडला. बॉनव्हिलने तो उठवायचा प्रयत्न केला, जमला नाही. तेव्हा त्याने अर्लला लेखी आव्हान धाडलं, की परगण्याच्या भल्याची तुला चाड असेल तर मैदानात ये. अर्लनेही लेखी उत्तर दिलं. इथेही कागद आहेच. दोघांनी एकमेकांना पाठवलेल्या त्या मजकुरात खुर्चीचा उल्लेख नाही. दोघेही लोकहितासाठी लढत होते.

१५ डिसेंबरला, सोमवारी, एक्सेटरच्या पूर्वेला क्लिस्टपाशी गाठ पडली. क्लिस्ट ही लहानशी नदी आहे. क्लिस्ट सेंट मेरी गावातला तिच्यावरचा जुना दगडी पूल अजून उभा आहे. लढाई फार वेळ चालली नसावी. बॉनव्हिल हरला आणि पळाला, आणि अर्लच्या माणसांनी शूटचं त्याचं घर लुटलं.

तिकडे लंडनमध्ये पार्लमेंट भरलं होतं. राजाची प्रकृती पुन्हा बिघडल्याची कुजबुज होती. दोन वर्षांपूर्वी त्याचं मन पूर्ण बधिर झालं होतं, दीड वर्ष तो कुणाला ओळखत नव्हता. पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहातले लोक विल्यम बर्लीला पुढे करून सरदारांकडे जात राहिले, की राज्याला संरक्षक नेमा, पश्चिमेत काय चाललंय बघा. नोव्हेंबरात यॉर्क संरक्षक झाला. म्हणजे अपकॉटच्या म्हाताऱ्याच्या खुनाचा उपयोग झाला तो यॉर्कला. त्याने घाई मात्र केली नाही. अर्लने शस्त्र खाली ठेवलं ते क्लिस्टनंतर, डिसेंबरच्या अखेरीस. त्याला लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत ठेवण्यात आलं. फेब्रुवारी १४५६मध्ये यॉर्कचं संरक्षकपद गेलं आणि अर्ल सुटला. एप्रिलमध्ये त्याची मुलं पाचशे माणसं घेऊन पुन्हा एक्सेटरमध्ये हजर झाली आणि न्यायाधीशांना कामकाज करू दिलं नाही.

रॅडफर्डच्या खुनाबद्दल कोर्टनींपैकी कुणाला शिक्षा झाली नाही. अर्ल आता राणीच्या गोटात होता. सर थॉमसचं लग्न राणी मार्गरेटच्या माहेरच्या नात्यातल्या मारी या मुलीशी झालं, आणि बापलेकांना रीतसर राजमुद्रेची माफी मिळाली. जॉन रॅडफर्डच्या त्या तपशीलवार अर्जाला मिळालेलं उत्तर ते हेच.

यानंतरचं सगळं झपाट्याने झालं. अर्ल ३ फेब्रुवारी १४५८ला अ‍ॅबिंगडनच्या मठात मेला. राणीने विष घातल्याची आवई उठली. सर थॉमस अर्ल झाला. ३० डिसेंबर १४६०ला वेकफील्डच्या लढाईत बॉनव्हिलचा मुलगा आणि नातू एकाच दिवशी पडले. सात आठवड्यांनी सेंट अल्बन्सच्या दुसऱ्या लढाईत म्हातारा बॉनव्हिल यॉर्कपक्षाच्या ताब्यात असलेल्या राजाच्या तंबूशी पहाऱ्यावर होता. यॉर्कपक्ष हरला, बाकीचे पळाले. राजाने अभय दिलं म्हणून बॉनव्हिल थांबला. दुसऱ्या दिवशी राणीच्या लोकांनी त्याचं डोकं उडवलं. विजयी सैन्यात तरुण अर्ल होता. शब्द देऊन खाली बोलावलेला दुसरा म्हातारा. अर्लला पुरते दोन महिनेही मिळाले नाहीत: २९ मार्चला टाउटनला तो पकडला गेला आणि ३ एप्रिलला यॉर्क शहरात त्याचा शिरच्छेद झाला. धर्मपित्याच्या प्रेतावर निकाल देणाऱ्या हेन्रीचा १४६९मध्ये सॉल्सबरीला राजद्रोहाबद्दल. तिसरा भाऊ जॉन १४७१मध्ये ट्यूक्सबरीच्या रणात पडला. टिव्हर्टनच्या अर्लचा वंश बुडाला.

बॉनव्हिलची उरली ती सहा-सात महिन्यांची पणती, सेसिली. तिच्या नावावर सगळी इस्टेट आली. पुढे ती डॉर्सेटच्या मार्क्विसला दिली गेली. १५५३मध्ये नऊ दिवसांची राणी म्हणवली गेलेली आणि सतराव्या वर्षी वधस्तंभाकडे गेलेली लेडी जेन ग्रे ही सेसिलीची पणती.

पावडरहॅम मात्र टिकलं. ज्या किल्ल्याला चुलत्यांनी वेढा घातला, त्यात त्या धाकट्या पातीचे वंशज आजही राहतात. बऱ्याच फेरफारांनंतर, १८३१मध्ये, डेव्हनची अर्लकीसुद्धा त्यांच्याच नावावर मान्य झाली. पावडरहॅमच्या विल्यमने बॉनव्हिलची मार्गरेट केली होती, त्यामुळे आजचा अर्ल आडनावाने कोर्टनी आणि रक्ताने बॉनव्हिलचाही. पेशाने तो वकील आहे.